दोघींपुरते शब्द

टीव्हीच्या मागे हात घालून वायरी सोडवता सोडवता धाकटीचा नवरा म्हणाला, "कुणी जरगोगलून ठेवलंय हे सगळं?" आणि तिच्या हातातली बशी सिंकच्या कडेवर आपटली. फुटली नाही. नुसता आवाज झाला, आणि तो आवाज संपल्यावर घर एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं. तसं काही झालं नव्हतं. नळ चालू होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं, रविवारची सकाळ होती. नवरा टीव्हीमागे अर्धा अदृश्य झाला होता. त्याची पाठ आणि एक पाय तेवढा दिसत होता. तिने नळ बंद केला. ओले हात तसेच ठेवून ती दारात आली.

"काय म्हणालास?"

"कुठे काय? पक्कड दे जरा."

"त्याच्या आधी."

"वायरींचा गुंता झालाय म्हटलं."

"गुंता नाही म्हणालास."

तेव्हा त्याने डोकं बाहेर काढलं. गालाला धूळ लागली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पाहायला हवं त्यापेक्षा थोडं जास्त पाहिलं. "मग काय म्हणालो?" त्याने विचारलं.

उत्तर द्यायचं म्हणजे तो शब्द आपल्या तोंडाने उच्चारायचा, आणि तो तिने दहा-अकरा वर्षांत उच्चारला नव्हता. "काही नाही," ती म्हणाली आणि ड्रॉवरमधून पक्कड काढून तिने त्याच्या पुढे केलेल्या हातावर ठेवली. त्याची बोटं गरम होती. तिची अजून ओलीच होती.

तो शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होता: तिला आणि तिच्या ताईला. तसं पाहिलं तर तो इंग्रजी शब्द होता, म्हणजे कधीकाळी होता. त्यांचे बाबा पुस्तकांच्या बांधणीचं काम करत. एका वाचनालयाने त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश शिवायला दिला आणि मग नवी आवृत्ती विकत घेतल्यामुळे तो न्यायला कुणी आलंच नाही. पुठ्ठा निघालेला तो शब्दकोश घरात राहिला. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की त्यावर चढायचं, एवढाच त्याचा उपयोग. पण ताई त्यावर बसायची आणि बसून कंटाळली की वाचायची. त्यात काही शब्दांच्या आधी खंजिरासारखी एक बारीक खूण होती. ताईने बाबांना विचारलं, ही कसली? बाबांची बोटं खळीने बरबटलेली होती. खूण बघायला त्यांनी मान तेवढी वाकवली. "तो शब्द मेला," ते म्हणाले. "आता कुणी वापरत नाही." ताई म्हणाली, "मग छापला कशाला?" बाबा जरा विचारात पडले. "मेलेल्या माणसाचा फोटो आपण ठेवतोच की," ते म्हणाले आणि पुन्हा खळीकडे वळले. त्या संध्याकाळी दोघींच्या खोलीत ताईने दार लावून घेतलं आणि जाहीर केलं, "कुणी वापरत नाही ना? मग आपण घेऊया." रस्त्यावर कुणी टाकून दिलेली खुर्ची उचलून घरी आणावी, इतक्या सहज.

मग ती खोली त्या शब्दांनी भरत गेली. आई-बाबांसमोर बोललं तरी कुणाला पत्ता लागत नसे. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनाही लागत नसे, आणि त्यात तर खरी मजा होती. ओव्हरमॉरो म्हणजे परवा. हा शब्द सापडला त्या दिवशी ताई पोट धरून हसली होती. "इंग्रजांनी परवा टाकून दिला गं! आता बिचारे 'द डे आफ्टर टुमॉरो' असं करत तीन घरं फिरून येतात." ब्रॅबल म्हणजे फालतू कारणावरून भांडण, तो तर दिवसातून चारदा लागायचा. स्नाउटफेअर म्हणजे तोंडावरून देखणा. धाकटी पुढे या नवऱ्याला पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा ताईने त्याला पाणी नेऊन दिलं, परत स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "स्नाउटफेअर." "एवढंच?" धाकटीने विचारलं. "बाकीचं हळूहळू कळेल," ताई म्हणाली. आणि जारगॉगल की काय तो, म्हणजे गोंधळ करणं, एकात एक मिसळून टाकणं. त्याचा उच्चार सांगायला कुणी नव्हतं. अक्षरं दिसली तशी त्यांनी वाचली, आणि वाचता वाचता त्याला मराठी शेपूट फुटलं. वेणी जरगोगलली. गणित जरगोगललं. कुणी जरगोगलून ठेवलंय हे सगळं? अगदी असंच, 'र' वर किंचित अडखळत, शेवटच्या 'ल' वर घसरत. नवऱ्याने तो शब्द तसाच उच्चारला होता.

सोमवारी लॅबमध्ये तिच्याकडून एक दात वाकडा बसला. ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचे साचे पाठवत. त्यांच्यावर मेणाचा गुलाबी थर द्यायचा, गरम सुरीने त्यात एकेक दात बसवायचा, मागे सरून पाहायचं. पंधरा वर्षांत तिला या कामाने एक वेगळाच कान दिला होता. पुढचे दात केसभर बाहेर आले तर माणसाच्या 'स' ची शिट्टी होते. टाळू जाड झाला तर 'त' आणि 'ट' एकमेकांत शिरतात. दुकानात, बसमध्ये माणसं बोलत असली की ती अर्थ ऐकायच्या आधी त्यांचं तोंड ऐकायची. म्हणूनच तिची खात्री होती. हा शब्द कुठे वाचून आलेला नव्हता. जेवायच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि फोनवर तो शब्द शोधला. उच्चार ऐकवण्याची सोय होती. तिने फोन कानाला लावून बटण दाबलं. एक गुळगुळीत पुरुषी आवाज म्हणाला, "जारगॉगल." पुन्हा दाबलं. "जारगॉगल." जन्मात पहिल्यांदाच तो शब्द तिने बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकला, आणि तिला वाटलं, आपल्या लहानपणच्या पलंगावर कुणी परका माणूस बुटांसकट येऊन बसलाय. पण एक गोष्ट पक्की झाली. नवऱ्याचा उच्चार या माणसाचा नव्हता. तो त्या खोलीतला होता.

म्हणजे ताई. किंवा मग आपण स्वतःच, झोपेत. या दुसऱ्या शक्यतेला ती दुपारभर धरून राहिली. "माणसं झोपेत काय काय बोलतात हो?" तिने प्लास्टरवाल्या काकांना विचारलं. ते समोरच्या टेबलावर साचे ओतायचे. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत, वयाने की प्लास्टरने ते कळायचं नाही.

"आमची बोलते की," काका म्हणाले. "शेजारणीशी भांडते. तिथेसुद्धा तीच जिंकते."

"पण शब्द कळतात का तुम्हाला? स्पष्ट?"

"एकूण एक. का गं, तू काय बोललीस?"

"मी नाही. सहज विचारलं."

काकांनी तिच्यापुढच्या मेणाकडे मान उंचावून पाहिलं. "सहज विचारता विचारता त्या माणसाला सशासारखा करून ठेवलायस," ते म्हणाले. खरंच, पुढचे दोन दात ओठाबाहेर आले होते. तिने सुरी तापवून ते उपटले. मेणात दोन खड्डे राहिले. झोपेत बोललो असू, तर अकरा वर्षांतलं काय काय बोललो असू? आणि झोपेत बोललो नसू, तर तो ताईला भेटतो. कधी? कुठे? घरात ताईचं नाव निघत नव्हतं. धाकटीनेच तसं सांगितलं होतं, आणि त्याने एका शब्दाने न विचारता ते मानलं होतं. त्या वेळी तिला ते प्रेम वाटलं होतं. आता तिला त्या न विचारण्यातच काहीतरी खुपू लागलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. सगळं शहर त्याच्या पायाखाली. कुठल्या इमारतीत आहे हे सांगायचीही गरज नाही. कधी उशीर झाला की म्हणायचा, 'माणसं अडकली होती'. तिने कधीही विचारलं नव्हतं, कोण माणसं.

घरी जाताना बसमध्ये तिने दोघांना एका खोलीत उभं करून पाहिलं. हे करायचंच, असं ठरवून केलं, दुखऱ्या दातावर जीभ दाबावी तसं. पलंग ठेवला, पडदा ओढला. आश्चर्य म्हणजे तिथे फारसं काही दुखलं नाही. ते चित्र कागदी होतं, त्यातल्या ताईला चेहराच येईना. मग तिने पलंग काढून टाकला. नुसतं टेबल ठेवलं. दोन कप. ताई काहीतरी म्हणाली आणि नवरा हसून म्हणाला, म्हणजे काय? आणि ताईने सांगितलं. त्याबरोबर धाकटी उभी राहिली आणि दोन थांबे आधीच उतरली.

रस्त्याने चालताना ते हॉस्पिटल आठवणं तिला टाळता आलं नाही. एरवी ती टाळायची. त्या आठवणीच्या कडेकडेने जायची तिला सवय झाली होती. तिचा सातवा महिना सरला होता. एका सकाळी बाळ हलेना. मग सगळं जे व्हायचं ते झालं, आणि जन्म झाल्यावर खोलीत कुणी रडलं नाही, बाळही नाही, तीही नाही. ताई बाहेरगावी होती. ती तिसऱ्या का चौथ्या दिवशी पोचली. तोवर धाकटीला दूध येऊ लागलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं की तेही येतं. गाऊन पुढून ओला झाला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताई आली, खाटेच्या कडेला बसली. मग वाकली आणि तिच्या कानाशी, लहानपणी अंधारात पलीकडच्या पलंगावरून विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "मुबलफुबल?"

तोही त्यांचाच शब्द. खंजीर लागलेला. मन उदास होणं, उगाचच सुतकी वाटणं. परीक्षेत कमी गुण पडले की मुबलफुबल. सहल रद्द झाली की मुबलफुबल. म्हटला की हसूच यायचं, इतका तो वेडगळ होता. धाकटी उठून बसली होती आणि ओरडली होती. काय ओरडली ते तिला आठवत नाही. शेवटचं तेवढं आठवतं: चालती हो. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. ताई चालती झाली. आणि मग दोघींपैकी कुणीच पहिला फोन केला नाही. पहिला महिना रागाचा होता, पुढचा हट्टाचा, आणि त्यानंतर फोन करायचा म्हणजे मधल्या सगळ्या महिन्यांचं काय ते सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने ठरवलं. सरळ विचारायचं नाही. सरळ विचारलं की माणसाला तयार व्हायला वेळ मिळतो. नवरा पाव मोडत होता. त्याच्या कंपनीत कुणा साहेबाची बदली झाली होती, ते तो सांगत होता.

"ओव्हरमॉरो मला उशीर होईल," ती मधेच म्हणाली.

"हं," तो म्हणाला. पण तो 'हं' तर तो कशालाही म्हणायचा. ऐकलंच नसेल. तिने चमचा टेबलावर ठेवला. आता एकच शब्द उरला होता. त्याला चुकूनही 'हं' म्हणता आलं नसतं. तो तिला नको होता. अकरा वर्षं घशात हाड अडकल्यासारखा तो तिथे होता आणि तिने त्याच्याभोवतीच गिळायची सवय केली होती.

"मला दोन दिवस झाले," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच लांबून आला, "नुसतं मुबलफुबल होतंय."

कुणीही विचारलं असतं, काय होतंय? जगातला कुठलाही नवरा जेवता जेवता थांबला असता आणि म्हणाला असता, काय होतंय म्हणालीस? तिने ते वाक्य ऐकायला कान अगदी टवकारले होते. ते आलं असतं तर ती हसली असती, रडली असती, त्याला सगळं सांगून टाकलं असतं.

"मग उद्या सुट्टी टाक," नवरा म्हणाला. "पडून राहा जरा. मन लागत नसेल तर कशाला उगाच..."

आणि तो थांबला. हातातला पाव तसाच राहिला. आपण काय केलं हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वर आलं, पाण्यात बुडालेली वस्तू वर यावी तसं. ती त्याच्याकडे बघत राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, टी टी टी असा आवाज येत होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तसं काही नाहीये."

"कसं नाहीये? मी अजून काही म्हणालेच नाही."

त्याने पाव ताटात ठेवला. हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं. "तीन-चार वर्षं झाली असतील," तो म्हणाला. "तिच्या बिल्डिंगचं काम आमच्याकडे आलं. एक बाई अडकल्याचा फोन होता. मी वरून ओरडलो, घाबरू नका, आलोच. तर आतून उत्तर आलं, सावकाश या, मी इथे मजेत आहे, टेकून बसलेय. मी आवाज ओळखला. लिफ्ट वर घेतली, दार उघडलं. ती म्हणाली, तू होय! आणि आधी तुझं विचारलं."

"आणि मग चहा."

"मग चहा. महिन्याला एकदा सर्व्हिसिंग असतं. असतंच ते, अगं, मी मुद्दाम नाही... ती पॅनलमधल्या वायरी बघत उभी असते. काहीतरी बोलते. मी विचारतो, म्हणजे काय. तिला कळतसुद्धा नाही आपण कुठला शब्द बोललो ते. एकटी राहते ना."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"तू नाव काढायचं नाही म्हणाली होतीस."

"मी म्हणाले होते!" तिचा आवाज चढला. "मी काय काय म्हणाले होते त्या दिवसांत! तेवढंच ऐकलंस?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "एक अजून आहे. तुला घरी आणलं त्यानंतर ती रोज यायची. गेटपाशी उभी राहायची, वर यायची नाही. मी खिडकीतून बघायचो. एके दिवशी खाली गेलो आणि तिला म्हटलं, ताई, तुम्ही येऊ नका. तिला त्रास होतो. तुम्ही जा." त्याने मान वर केली. "तू तेव्हा जेवत नव्हतीस. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातात आहे."

धाकटी उठली. ताटं तशीच राहिली. तिला खूप काही फेकावंसं वाटत होतं, पण नेमकं काय आणि कुणाच्या अंगावर ते कळत नव्हतं. नवऱ्याने खोटं बोलल्याचा राग होता, तो साधा होता, तो समजत होता. त्याखाली दुसरा कसलातरी होता आणि तो भलताच क्षुद्र होता, ब्रॅबल म्हणावा इतका क्षुद्र: ताईने ते शब्द त्याला दिले. आपले होते, आणि हिने ते चहाबरोबर त्याच्यापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅबमधून तशीच निघाली. नवऱ्याने पत्ता कागदावर लिहून टेबलावर ठेवला होता, न बोलता. बस बदलावी लागली. ती इमारत इतर इमारतींसारखीच होती. खाली सायकली, टपालाच्या पेट्या, एका पेटीवर ताईच्या अक्षरात 'पडदे शिवून मिळतील'. लिफ्ट समोर उघडी होती. आतल्या भिंतीवर दुरुस्तीचा तक्ता आणि त्याखाली नवऱ्याच्या सह्या, एकीखाली एक. ती जिन्याने गेली. तिसऱ्या मजल्यावर श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिला मशीनचा आवाज ऐकू आला, थांबत, पुन्हा धावत. ती काय बोलायचं ते बसमध्ये घोकत आली होती. बेल दाबली आणि त्यातलं एक वाक्य उरलं नाही.

ताईने दार उघडलं. गळ्यात मापाची फीत होती, केस पुढून बरेच पिकले होते, आणि ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्यामुळे तिला काही बोलता येईना. दोघी तशाच उभ्या राहिल्या. ताईने मनगटावरच्या गादीत एक टाचणी खोचली. मग दुसरी. मग तिसरी. एक टाचणी खाली पडली. ती कुणीच उचलली नाही. सगळं तोंड मोकळं झाल्यावर ती म्हणाली, "ये."

खोलीभर कापड पसरलं होतं, राखाडी, पायाखाली येईल इतकं. बसायला जागा नव्हती आणि धाकटीला बसायचंही नव्हतं. "तू त्याला का शिकवलेस?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

"कुणाला? काय?"

"शब्द."

ताईने मशीनपुढच्या स्टुलावर बसकण मारली. "शिकवले नाहीत गं. तोंडातून जातात."

"ते आपले होते."

"आपण कुठे होतो?" ताई म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

धाकटीला वाटलं, आपण परत जावं. दार मागे उघडंच होतं. पण तिचा एक पाय कापडावर होता, आणि पाऊल उचललं तर ते ओढलं जाईल, शिवण उसवेल, असं काहीतरी उगीचच तिच्या मनात आलं. "माझं दूध उतरत होतं," ती म्हणाली. हे ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. "गाऊन भिजला होता. आणि तू आलीस आणि मला ते... खेळातलं. जसं काही माझी सहल रद्द झालीय."

"हो," ताई म्हणाली.

"हो काय?"

"तसंच झालं." तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला, ते जरा पुढे फिरवलं, मागे फिरवलं. "मी जिन्यात तासभर उभी होते. तुझ्या सासूबाई भेटल्या, म्हणाल्या, देवाची मर्जी. नर्स म्हणाली, वय आहे अजून. कुणी पुढच्या वेळचं बोलत होतं. सगळे सगळं बोलून गेले होते, आणि ऐकताना मला वाटत होतं, यातलं एक जरी मी बोलले तर तू मला कधी क्षमा करणार नाहीस. म्हटलं, आपल्यातलं बोलू. तोंडातून बाहेर पडला आणि मग मला तो ऐकू आला."

"मग गेलीस का?"

"तू चालती हो म्हणालीस."

"जन्मात कधी माझं ऐकलं होतंस? त्याच दिवशी ऐकायचं होतं?"

ताईचा चेहरा हसायला लागला आणि मधेच कुठेतरी चुकला. तिने तोंडावर हात दाबून धरला. धाकटी बघत राहिली. तिला जवळ जावंसं वाटत नव्हतं. तिला लांबही राहवत नव्हतं. बाहेर लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर थांबली, दार सरकलं, कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या. आता ताई काय बोलेल याची तिला भीती वाटू लागली. पुन्हा एखादा त्यातलाच शब्द काढेल. किंवा त्या बायकांसारखं काही. कुठलाही शब्द आला तरी आपण निघून जाऊ, आणि या वेळी कायमचं, हे तिला कळत होतं, आणि ते तिच्या हातात नव्हतं.

ताईने हात खाली घेतला. "केस होते?" तिने विचारलं.

"काय?"

"बाळाला. केस होते का?"

धाकटीला आधी प्रश्नच समजला नाही. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बघितलं नाहीत तर बरं. नवऱ्याने बघितलं नव्हतं. तो पाठ करून खिडकीशी उभा होता, आणि पुढे त्याने कधी विचारलं नाही, आणि मग तिने सांगितलं नाही. फक्त ती नर्स, ठेंगणी, तिने कपडा बाजूला करून बाळ तिच्या हातात दिलं होतं. किती वेळ ते कोण जाणे. ते ती रोज बघत होती आणि त्याबद्दल तिच्याकडे एकही वाक्य नव्हतं, कारण ते कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

"होते," ती म्हणाली. "काळे. ओले होते, कपाळाला चिकटलेले. खूप होते गं. मला वाटलं नव्हतं एवढे असतील."

"बाबांसारखे."

"कपाळसुद्धा बाबांचंच. असं." तिने आपल्या कपाळावरून बोट फिरवून दाखवलं. मग ती बसली, तिथेच, कापडावर. ताई स्टुलावरून उतरून समोर जमिनीवर आली; हात लावला नाही, नुसती समोर बसली. "नखं होती," धाकटी म्हणाली. "एवढीएवढी. कापायला झाली होती. आणि डावा कान दुमडलेला होता, वरून. पोटात कसा झोपला असेल कुणास ठाऊक. मी बोटाने सरळ केला. तर परत दुमडला."

"मग?"

"मग परत केला. मला वाटलं, दुखत असेल त्याला. म्हणजे, कळत होतं मला, पण तरी. तीन-चारदा केला. नर्स म्हणाली, द्या आता."

ताई धाकटीच्या बोटाकडे बघत होती. ते बोट हवेत तसंच होतं, काहीतरी अगदी मऊ सरळ करत असल्यासारखं.

"मग मी तो तसाच राहू दिला," धाकटी म्हणाली.